रोबोट-साहाय्यित हृदयशस्त्रक्रिया

रोबोट-साहाय्यित हृदयशस्त्रक्रिया ही छातीचे मधले हाड न कापता, बरगड्यांमधील लहान छिद्रांतून यंत्रहस्त आत घालून हृदयावर शस्त्रक्रिया करण्याची पद्धत होय. अल्पछेदी हृदयशस्त्रक्रियेचा हा एक प्रकार आहे. यात शल्यविशारद रुग्णाच्या अंगावर वाकून काम करीत नाही. तो त्याच खोलीत काही फुटांवर असलेल्या नियंत्रण-आसनावर, म्हणजे कन्सोलवर, बसतो आणि तेथील मुठी व पायपट्ट्यांच्या साहाय्याने यंत्रहस्त चालवतो. मायट्रल झडपेची दुरुस्ती, बायपास, अलिंदांमधील पडद्याचे छिद्र बुजवणे आणि हृदयातील गाठ काढणे या शस्त्रक्रियांसाठी ही पद्धत मुख्यतः वापरली जाते. माणसाच्या हृदयावर तिचा पहिला वापर 1998 मध्ये युरोपात झाला.

‘रोबोट’ हा शब्द येथे काहीसा दिशाभूल करणारा आहे. हे यंत्र स्वतःहून एकही टाका घालत नाही आणि कोणताही निर्णय घेत नाही. शल्यविशारदाची बोटे जशी हलतील तशीच आतील अवजारांची टोके हलतात. तांत्रिकदृष्ट्या हे दूरनियंत्रित अवजार आहे. शस्त्रक्रिया ‘रोबोटने केली’ असे वृत्तपत्रांत अनेकदा छापले जाते. प्रत्यक्षात ती शल्यविशारदाने रोबोटच्या माध्यमातून केलेली असते, आणि तिच्या यशापयशाची जबाबदारीही त्याच्यावर व त्याच्या चमूवरच असते.

पार्श्वभूमी

6 मे 1953 रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृद्‌-फुफ्फुस यंत्राच्या आधारे एका तरुणीच्या हृदयातील छिद्र बुजवले. हृदय थांबवून, उघडून, आत काम करून ते पुन्हा चालू करणे त्यानंतर हळूहळू नित्याचे झाले. हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी उरोस्थी, म्हणजे छातीचे मधले हाड, वरपासून खालपर्यंत करवतीने उभे कापून दोन्ही बाजू फाकवण्याचा मार्ग सर्वमान्य ठरला. आजही जगातील बहुसंख्य हृदयशस्त्रक्रिया याच मार्गाने होतात.

या मार्गाला टोचून बोलण्याची पद्धत आहे, परंतु त्याचे गुण मोठे आहेत. शल्यविशारदाला संपूर्ण हृदय आणि महाधमनी समोर दिसते, हृदयाच्या मागच्या बाजूच्या धमन्यांपर्यंतही हात पोहोचतो आणि अचानक रक्तस्राव झाल्यास तो तत्काळ बोटाने दाबता येतो. याची किंमत रुग्ण नंतर मोजतो. शस्त्रक्रियेच्या अखेरीस हाडाचे दोन भाग पोलादी तारेने बांधले जातात आणि ते सांधण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात वजन उचलणे व वाहन चालवणे वर्ज्य असते आणि कुशीवर झोपणेही अवघड जाते. मधुमेही आणि स्थूल रुग्णांत हाडाच्या जखमेत खोलवर जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. तो क्वचित उद्भवतो, पण उद्भवल्यास जिवावर बेततो.

1980 च्या दशकाच्या अखेरीस पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया दुर्बिणीने होऊ लागल्या आणि काही वर्षांतच पोटाच्या शस्त्रक्रियेचे रूप पालटले. हृदयाच्या बाबतीत मात्र ते घडले नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील अवजारे लांब, सरळ आणि ताठ असतात. ती शरीराच्या भिंतीतील छिद्रावर टेकून फिरतात, त्यामुळे मूठ डावीकडे नेली की टोक उजवीकडे जाते. टोकाला मनगट नसते आणि हाताचा किंचित कंपही लांबीमुळे वाढून टोकाशी पोहोचतो. पित्ताशय कापून काढण्यास एवढे कौशल्य पुरते. दीड-दोन मिलिमीटर व्यासाच्या धमनीला केसाइतक्या बारीक धाग्याने गोलाकार टाके घालण्यास ते पुरत नाही. यंत्रहस्तांची गरज नेमकी येथे निर्माण झाली.

यंत्रणेची रचना

या क्षेत्रात सर्वाधिक वापरली गेलेली यंत्रणा अमेरिकेतील इंट्युइटिव्ह सर्जिकल या कंपनीची ‘दा विंची’ ही होय. तिचे तीन भाग असतात: शल्यविशारदाचे कन्सोल, रुग्णाच्या शेजारी उभा राहणारा अनेक हातांचा स्तंभ आणि दृश्यप्रणाली.

कन्सोलमध्ये दोन्ही डोळ्यांसाठी स्वतंत्र चित्रे दिसतात, कारण आतल्या दुर्बिणीलाच दोन भिंगे असतात. त्यामुळे सुमारे दहापट मोठे केलेले त्रिमितीय दृश्य मिळते व खोलीचा अंदाज येतो. अवजारांच्या टोकाशी माणसाच्या मनगटासारखा, किंबहुना त्याहून अधिक वळणारा सांधा असतो. टोकाच्या हालचालींना सात मोकळ्या दिशा मिळतात. शल्यविशारदाच्या हालचाली संगणक लहान करून आत पाठवतो. उदाहरणार्थ, हात तीन सेंटिमीटर हलला तर टोक एकच सेंटिमीटर हलेल अशी सोय करता येते. हाताचा सूक्ष्म कंप गाळला जातो आणि उलट्या हालचालीची अडचणही संगणक दूर करतो. शल्यविशारदाने डोके दृश्य-खिडकीतून बाहेर काढले की हात जागच्या जागी स्थिर होतात. ही साधी योजना सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

यंत्रणेची सर्वांत मोठी उणीव स्पर्शाची आहे. धागा किती ताणला गेला किंवा ऊतक किती कठीण आहे हे बोटांना कळत नाही. ते डोळ्यांनी ओळखावे लागते. अनुभवी शल्यविशारद ऊतकाच्या रंगावरून व आकार बदलण्यावरून ताणाचा अंदाज घेतात. नवशिक्याच्या हातून बारीक धागा तुटणे ही नेहमीची गोष्ट असते. 2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘दा विंची 5’ या आवृत्तीत बलाची जाणीव देणारी अवजारे प्रथमच आली.

इतिहास

या यंत्रांची मूळ कल्पना रणांगणावरची होती. जखमी सैनिकाजवळ चिलखती वाहनात यंत्रहस्त असावेत आणि शल्यविशारदाने सुरक्षित अंतरावरून ते चालवावेत, या विचाराने अमेरिकेच्या संरक्षण खात्याने कॅलिफोर्नियातील एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेतील संशोधनाला पैसा पुरवला. फिलिप ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे प्रारंभिक प्रणाली तयार केली. रणांगणावर ती कधी गेली नाही. 1995 मध्ये फ्रेडरिक मोल यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इंट्युइटिव्ह सर्जिकलने या तंत्रज्ञानाचे हक्क घेतले. त्याच सुमारास युलुन वांग यांच्या कॉम्प्युटर मोशन या कंपनीने आधी दुर्बीण धरणारा ‘इसॉप’ हा यंत्रहस्त आणि नंतर ‘झ्यूस’ ही पूर्ण यंत्रणा विकसित केली. मार्च 1997 मध्ये बेल्जियममध्ये जाक इंपेन्स आणि गी कादिएर यांनी दा विंचीच्या पूर्वरूपाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली.

कंपनीचे मुख्य लक्ष्य मात्र आरंभापासून हृदय हेच होते. मे 1998 मध्ये पॅरिसच्या ब्रूसे रुग्णालयात आलँ कार्पाँतिए यांनी दा विंचीच्या साहाय्याने मायट्रल झडपेची पहिली दुरुस्ती केली. कार्पाँतिए हे झडप बदलण्याऐवजी ती दुरुस्त करण्याच्या आधुनिक तंत्राचे जनक मानले जातात, त्यामुळे या प्रयोगाकडे साऱ्या हृदयशल्य जगताचे लक्ष वेधले गेले. त्याच महिन्यात जर्मनीतील लाइपझिग येथे फ्रिडरिश-व्हिल्हेल्म मोर यांच्या चमूनेही अशा शस्त्रक्रिया केल्या. त्याच वर्षी पॅरिसमध्ये दिदिए लुल्मे आणि सहकाऱ्यांनी छाती न उघडता पूर्णपणे दुर्बिणीतून बायपास केला. 1999 मध्ये कॅनडातील लंडन (ओंटारिओ) येथे डग्लस बॉइड यांनी झ्यूसच्या साहाय्याने धडधडत्या हृदयावर, बंद छातीत बायपास केला.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीनव्हिल येथे रँडॉल्फ चिटवुड यांनी मे 2000 मध्ये ही पद्धत सुरू केली. त्यांच्या पुढाकाराने 10 केंद्रांत 112 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील अन्न व औषध प्रशासनाने दा विंचीला 2000 मध्ये सामान्य दुर्बिणीय शस्त्रक्रियांसाठी, 2002 मध्ये मायट्रल दुरुस्तीसाठी आणि 2004 मध्ये बायपाससाठी मान्यता दिली. 2003 मध्ये इंट्युइटिव्हने कॉम्प्युटर मोशन ही प्रतिस्पर्धी कंपनी आपल्यात विलीन करून घेतली आणि झ्यूसचे उत्पादन थांबले. त्यानंतर दीर्घकाळ या क्षेत्रात एकाच कंपनीचे वर्चस्व राहिले.

हृदयासाठी घडवलेले हे यंत्र प्रत्यक्षात लोकप्रिय झाले ते पुरःस्थ ग्रंथीच्या शस्त्रक्रियेमुळे. डेट्रॉइट येथे भारतीय वंशाचे मूत्रशल्यविशारद मणि मेनन यांनी उभारलेल्या कार्यक्रमानंतर कर्करोगग्रस्त पुरःस्थ ग्रंथी काढण्यासाठी अमेरिकेत रोबोटचा वापर झपाट्याने वाढला. पाठोपाठ गर्भाशयाच्या शस्त्रक्रियाही रोबोटने होऊ लागल्या. हृदय मागे पडले. कंपनीच्या दृष्टीने ते लहान ग्राहक ठरले आणि त्याचे परिणामही दिसले. धडधडत्या हृदयाचा लहानसा भाग स्थिर धरणारे खास अवजार दा विंचीच्या जुन्या आवृत्त्यांसाठी उपलब्ध होते. 2014 मध्ये आलेल्या ‘एक्सआय’ या आवृत्तीसाठी ते पुरवले गेले नाही. त्यामुळे बंद छातीतील बायपास करणाऱ्या केंद्रांना जुनी यंत्रे जपून ठेवावी लागली.

मायट्रल झडपेची दुरुस्ती

डावे अलिंद आणि डावे निलय यांच्यामधील दोन पाकळ्यांची झडप म्हणजे मायट्रल झडप. पाकळ्यांच्या कडा बारीक दोऱ्यांसारख्या कंडरांनी निलयाच्या भिंतीतील स्नायूंना बांधलेल्या असतात. एखादी कंडरा तुटली किंवा सैल पडली की पाकळी अलिंदात उलटते, झडप नीट मिटत नाही आणि प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे गळते. रोबोटच्या साहाय्याने होणाऱ्या हृदयशस्त्रक्रियांत या दोषाच्या दुरुस्तीला अग्रस्थान आहे, कारण छातीच्या उजव्या बाजूने पाहिल्यास डाव्या अलिंदातून ही झडप जवळजवळ सरळ समोर येते. उरोस्थी कापून वरून पाहिल्यास ती खोल व तिरपी दिसते. दृश्याच्या बाबतीत येथे लहान छिद्राचा मार्ग मोठ्या छेदाहून सरस ठरतो, आणि असे शल्यशास्त्रात क्वचितच घडते.

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ दोन मार्गांची श्वासनलिका घालतो, जेणेकरून उजवे फुफ्फुस मिटवून डाव्याने श्वास चालू ठेवता येईल. अन्ननलिकेतून ध्वनिलहरींचा शोधक आत सोडलेला असतो. झडपेचे दृश्य त्यातून सतत मिळते. हृदयाला विजेचा झटका देणारे नेहमीचे चमचे बंद छातीत पोहोचू शकत नाहीत, म्हणून छातीवर व पाठीवर आधीच चिकटपट्ट्या लावलेल्या असतात. हृद्‌-फुफ्फुस यंत्राच्या नळ्या जांघेतील धमनी व शिरेत बसवल्या जातात. उजव्या बरगड्यांमध्ये यंत्रहस्तांसाठी साधारण आठ मिलिमीटरची छिद्रे आणि सहायकासाठी तीन-चार सेंटिमीटरचा किंवा त्याहून लहान छेद घेतला जातो. छातीत कार्बन डायऑक्साइड वायू सोडत राहतात. हृदय उघडल्यावर हवेचे बुडबुडे आत अडकून मेंदूत जाण्याचा धोका असतो. हवेच्या जागी हा रक्तात सहज विरघळणारा वायू असल्यास तो कमी होतो.

त्यानंतर महाधमनी चिमट्याने बंद करून पोटॅशियमयुक्त थंड द्रावाने हृदय थांबवले जाते. छातीच्या भिंतीतून घालायचा यासाठीचा लांब चिमटा चिटवुड यांच्याच नावाने ओळखला जातो. चिमट्याऐवजी महाधमनीत आतून फुगा फुगवण्याची पद्धतही आहे. डावे अलिंद उघडून एका यंत्रहस्ताने त्याची भिंत उचलून धरतात आणि उरलेल्या दोन हातांनी दुरुस्ती चालते. सैल पाकळीचा त्रिकोणी तुकडा कापून कडा जोडणे किंवा तुटलेल्या कंडरेच्या जागी कृत्रिम धागा बसवणे हे तिचे मुख्य प्रकार होत. शेवटी झडपेच्या मुळाशी कडे किंवा पट्टी टाक्यांनी बसवली जाते. निलयात क्षारजल भरून झडप गळते का हे पाहतात. अंतिम कसोटी मात्र हृदय पुन्हा धडधडू लागल्यावर ध्वनिलहरींच्या चित्रात लागते. तेथे गळती आढळली तर पुन्हा हृदय थांबवून दुरुस्ती करावी लागते, आणि ती न जमल्यास झडप बदलावी लागते.

हे सर्व चालू असताना रुग्णाच्या शेजारी दुसरा शल्यविशारद उभा असतो. धागे आत देणे, अवजारे बदलणे, रक्त शोषून घेणे आणि बहुतेक ठिकाणी गाठी मारणे ही कामे तो करतो. बातम्यांत त्याचे नाव सहसा येत नाही, परंतु संकट उद्भवल्यास रुग्णापाशी हात पोहोचू शकतो तो त्याचाच.

बायपास शस्त्रक्रिया

बायपासमध्ये रोबोटचे सर्वांत निर्विवाद काम म्हणजे छातीच्या आतल्या भिंतीवरून जाणारी डावी अंतःस्तन धमनी मोकळी करणे. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीला ती जोडली की दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत ती चालू राहते. पायातून काढलेल्या शिरांचे आयुष्य यापेक्षा बरेच कमी असते. बायपासचा दीर्घकालीन लाभ प्रामुख्याने या एका जोडणीमुळे होतो असे मानले जाते. दुर्बिणीच्या प्रकाशात ही धमनी छातीच्या भिंतीवर संपूर्ण लांबीभर दिसते आणि यंत्रहस्तांनी ती अलगद सोडवता येते.

पुढची जोडणी दोन प्रकारांनी होते. बहुतेक केंद्रांत डाव्या बरगड्यांमध्ये लहान छेद घेऊन शल्यविशारद धडधडत्या हृदयावर हातानेच टाके घालतो. दुसऱ्या प्रकारात जोडणीही यंत्रहस्तांनीच, छाती बंद ठेवून होते. हा दुसरा प्रकार हृदयशल्यातील सर्वांत कठीण कौशल्यांपैकी एक समजला जातो आणि जगात मोजकेच चमू तो नियमितपणे करतात. अमेरिकेतील 12 केंद्रांत झालेल्या व 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 85 रुग्णांवर तो केला गेला. त्यांपैकी कोणाचाही मृत्यू झाला नाही, मात्र काहींची शस्त्रक्रिया मध्येच पारंपरिक पद्धतीने पूर्ण करावी लागली.

अनेक धमन्यांत अडथळे असल्यास संकरित उपचार हा पर्याय पुढे येतो. यात मुख्य धमनीला रोबोटच्या साहाय्याने बायपास केला जातो आणि बाकीच्या अडथळ्यांसाठी हृदयरोगतज्ज्ञ स्टेंट बसवतात. कल्पना आकर्षक आहे. पण त्यासाठी एकाच रुग्णावर दोन वेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांचे एकमत व्हावे लागते, आणि व्यवहारात ते सोपे नसते.

इतर उपयोग

अलिंदांमधील पडद्याचे छिद्र बुजवणे आणि अलिंदातील मिक्सोमा ही गाठ काढणे या तुलनेने सुटसुटीत शस्त्रक्रिया आहेत. नवे चमू अनेकदा त्यांपासून आरंभ करतात. अलिंदांची अनियमित फडफड थांबवण्यासाठी ऊतकावर रेषा भाजणे आणि पेसमेकरची तार डाव्या निलयाच्या बाहेरील पृष्ठावर बसवणे यांसाठीही यंत्रहस्त वापरले जातात. महाधमनीची झडप रोबोटने बदलण्याचे काम अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात विनय बधवार यांच्या चमूने 2020 पासून पुढे नेले. सप्टेंबर 2024 मध्ये सौदी अरेबियातील रियाध येथील किंग फैसल स्पेशालिस्ट रुग्णालयात एका 16 वर्षांच्या मुलावर संपूर्णपणे रोबोटच्या साहाय्याने हृदयारोपण करण्यात आले.

फलिते

अनुभवी केंद्रांतील आकडे चांगले आहेत. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने आपल्या पहिल्या 1,000 सलग रोबोट-साहाय्यित मायट्रल शस्त्रक्रियांचा अहवाल 2018 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एका रुग्णाचा मृत्यू आणि 14 रुग्णांना पक्षाघात झाल्याची नोंद आहे. रुग्णांची निवड कडक केल्यानंतर, विशेषतः जांघेपासून महाधमनीपर्यंतच्या रक्तवाहिन्यांची सीटी स्कॅनने आधी तपासणी होऊ लागल्यानंतर, फलिते आणखी सुधारली.

असे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे ते जगातील निवडक केंद्रांचे व निवडक रुग्णांचे आहेत. दुसरे असे की, रोबोट आणि पारंपरिक शस्त्रक्रिया यांची चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी तुलना उपलब्ध नाही. सर्वांत जवळचा पुरावा ब्रिटनमधील एका चाचणीचा आहे. 10 केंद्रांतील 330 रुग्णांवरील या चाचणीत मायट्रल दुरुस्तीसाठी बरगड्यांमधील लहान छेद आणि उरोस्थीचा छेद यांची तुलना करण्यात आली. रोबोटची अट त्यात नव्हती. 2023 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार लहान छेदाच्या रुग्णांची शारीरिक क्षमता आरंभीच्या आठवड्यांत लवकर सुधारली व रुग्णालयातील मुक्कामही किंचित कमी झाला, परंतु 12 आठवड्यांनंतर दोन्ही गट समपातळीवर आले. दुरुस्तीच्या दर्जात आणि सुरक्षिततेत फरक आढळला नाही. म्हणजे लहान छेदाचा लाभ खरा आहे. तो पहिल्या काही आठवड्यांचा आहे. ज्याला महिनाभरात शेतावर, रिक्षावर किंवा दुकानात परतायचे आहे त्याच्या दृष्टीने ते आठवडे क्षुल्लक नसतात.

रोबोट-साहाय्यित शस्त्रक्रियेत हृद्‌-फुफ्फुस यंत्रावरील आणि हृदय थांबवून ठेवण्याचा वेळ सहसा अधिक लागतो, विशेषतः आरंभीच्या काळात. जांघेच्या धमन्या रोगट असलेले, महाधमनीच्या भिंतीत चुना साठलेला, फुफ्फुसे दुर्बल असलेले किंवा पूर्वी त्याच बाजूला छातीची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण या पद्धतीस सामान्यतः योग्य ठरत नाहीत.

दुसऱ्या बाजूने स्पर्धा आहे ती कॅथेटरची. 2002 मध्ये फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी जांघेतून नळी नेऊन महाधमनीची झडप बसवली. तेव्हापासून झडपांच्या उपचाराचा मोठा भाग शल्यविशारदाकडून हृदयरोगतज्ज्ञाकडे गेला आहे. अल्पछेदी शस्त्रक्रिया शिकण्याची हृदयशल्यविशारदांची निकड वाढली, त्यामागे हेही एक कारण आहे.

जोखीम आणि प्रशिक्षण

अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाकडे 2000 ते 2013 या काळात सर्व शाखांतील रोबोट शस्त्रक्रियांविषयी आलेल्या 10,624 प्रतिकूल घटनांचे विश्लेषण 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 144 मृत्यू, 1,391 इजा आणि 8,061 यंत्रदोषांची नोंद होती. छाती व हृदयाच्या शस्त्रक्रियांत इजा आणि मृत्यूंचे प्रमाण स्त्रीरोग व मूत्ररोग शाखांपेक्षा बरेच अधिक आढळले. अशा नोंदी अपुऱ्या असल्याने त्यांवरून धोक्याचे नेमके प्रमाण काढता येत नाही. यंत्र कोणकोणत्या प्रकारे बिघडू शकते हे मात्र कळते.

यंत्रापेक्षा माणसांची तयारी अधिक निर्णायक असते, हे ब्रिटनमधील एका प्रकरणाने ठळक केले. 2015 मध्ये न्यूकॅसल येथे त्या देशातील पहिल्या रोबोट-साहाय्यित मायट्रल शस्त्रक्रियांपैकी एक करण्यात आली आणि नंतर रुग्णाचा मृत्यू झाला. 2018 मधील न्यायिक चौकशीत पुढे आले की शल्यविशारदाचे रोबोटवरील प्रशिक्षण पुरेसे नव्हते, मार्गदर्शनासाठी आलेले तज्ज्ञ शस्त्रक्रिया संपण्यापूर्वीच निघून गेले होते आणि कन्सोलवरील आवाज सहकाऱ्यांना स्पष्ट ऐकू येत नव्हता. पारंपरिक शस्त्रक्रिया केली असती तर रुग्ण बहुधा वाचला असता, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. नव्या तंत्रासाठी प्रशिक्षणाचे राष्ट्रीय निकष नसल्याची बाबही त्यामुळे चर्चेत आली.

आवाजाचा मुद्दा वरकरणी किरकोळ वाटतो. उघड्या शस्त्रक्रियेत सर्वजण एकाच जखमेभोवती उभे असतात आणि बरेचसे संभाषण न बोलताच होते. कन्सोलवरील व्यक्ती मात्र पाठ फिरवून, डोळे खिडकीत घालून बसलेली असते. म्हणून अनुभवी चमूंमध्ये प्रत्येक सूचना मोठ्याने देऊन ऐकणाऱ्याने ती तशीच उच्चारून दाखवण्याची शिस्त पाळली जाते. प्रशिक्षणही एकट्या शल्यविशारदाचे न होता भूलतज्ज्ञ, परिचारिका, हृद्‌-फुफ्फुस यंत्र चालवणारा तंत्रज्ञ आणि शेजारचा सहायक या सर्वांचे एकत्र होते: आधी आभासी सराव, मग प्राण्यांच्या हृदयांवर किंवा मृतदेहांवर, मग जाणत्याच्या देखरेखीखाली रुग्णांवर. महिन्याला एखादीच शस्त्रक्रिया होत असेल तर हे कौशल्य टिकत नाही.

भारतातील स्थिती

भारतात रोबोट-साहाय्यित हृदयशस्त्रक्रियेचा आरंभ 2002 मध्ये नवी दिल्लीच्या एस्कॉर्ट्स हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये नरेश त्रेहन यांच्या नेतृत्वाखाली झाला. म्हणजे मान्यतेनंतर अवघ्या दोन वर्षांत हे यंत्र देशात आले, आणि तेही हृदयासाठी. पुढे मात्र जगात झाले तेच येथे झाले. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयासह मोठ्या शहरांतील रुग्णालयांनी घेतलेले रोबोट मुख्यतः कर्करोग, मूत्ररोग व स्त्रीरोग शस्त्रक्रियांसाठी वापरले जाऊ लागले. हृदयाच्या शस्त्रक्रिया मोजक्या केंद्रांपुरत्या राहिल्या.

यामागे रोगांच्या स्वरूपाचाही भाग आहे. पाश्चात्त्य देशांत मायट्रल झडप प्रामुख्याने वयपरत्वे सैल पडते आणि अशी झडप दुरुस्त करता येते. भारतात तरुण वयात झडप निकामी होण्याचे मोठे कारण आजही ऱ्हुमॅटिक तापानंतरचा हृदयविकार हे आहे. त्यात पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटतात, चुना साठतो आणि दुरुस्ती अवघड बनते. हे रुग्ण बहुधा गरीब कुटुंबांतील असतात. भारतीय मधुमेही रुग्णांत हृदयाच्या धमन्या बारीक असून अडथळे अनेक जागी पसरलेले असतात. अशांना एक जोडणी पुरत नाही, तीन-चार कराव्या लागतात. त्या सर्व लहान छिद्रांतून करणे कठीण असते.

खर्चाचा प्रश्न वेगळाच. आयात यंत्रणेची किंमत वीस लाख अमेरिकी डॉलरच्या घरात जाते, वार्षिक देखभाल निराळी, आणि अवजारे ठरावीक वेळा वापरल्यावर टाकून द्यावी लागतात. हा भार अखेर रुग्णाच्या बिलात उतरतो. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने 2019 मधील मार्गदर्शक तत्त्वांत रोबोट शस्त्रक्रियेचा समावेश विम्यातून वगळता न येणाऱ्या आधुनिक उपचारांत केला. मात्र त्यासाठी रकमेची मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना आहे. त्यामुळे पॉलिसीतील उपमर्यादा आधी वाचणे रुग्णाच्या हिताचे ठरते.

किंमत कमी करण्याचा एक प्रयत्न देशातच झाला. अमेरिकेत रोबोट-साहाय्यित बायपासचा दीर्घ अनुभव घेतलेले हृदयशल्यविशारद सुधीर श्रीवास्तव यांनी स्थापन केलेल्या गुरुग्राममधील एसएस इनोव्हेशन्स या कंपनीने ‘एसएसआय मंत्र’ ही यंत्रणा 2022 मध्ये बाजारात आणली. यात शल्यविशारद बंद खिडकीत डोके न घालता त्रिमितीय चष्मा लावून मोठ्या पडद्यासमोर बसतो आणि प्रत्येक यंत्रहस्त स्वतंत्र गाड्यावर असतो. हृदयशल्यविशारदाने घडवलेली असल्याने बायपास व झडपांच्या कामाकडे तिच्या रचनेत आरंभापासून लक्ष दिले गेले.

याच यंत्रणेने दूरस्थ शस्त्रक्रियेची जुनी कल्पना पुन्हा पुढे आणली. 7 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या जाक मारेस्को यांनी झ्यूसच्या साहाय्याने फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील रुग्णाचे पित्ताशय काढले होते. परंतु त्यासाठी खास राखून ठेवलेल्या महागड्या वाहिनीची गरज लागली आणि तो प्रयोग बराच काळ एकाकीच राहिला. जानेवारी 2025 मध्ये श्रीवास्तव यांनी गुरुग्राममधील कन्सोलवरून 286 किलोमीटर अंतरावरील जयपूरच्या रुग्णालयात हृदयाची दूरस्थ शस्त्रक्रिया केल्याचे कंपनीने जाहीर केले. अशा वेळी रुग्णाजवळ पूर्ण सज्ज शल्यचमू असावाच लागतो, कारण संपर्क तुटल्यास किंवा रक्तस्राव झाल्यास छाती उघडण्याचे काम तेथे उपस्थित असलेल्यांनाच करावे लागते. जेथे हृदयशल्यविशारदच नाही अशा जिल्हा रुग्णालयात ही पद्धत त्यामुळे आज तरी वापरता येत नाही.